सांगणारीचे नाव
(लंडनची लोकविद्या परिषद, १८९१ आणि दख्खनचा एक पोपट)

राक्षसाचा जीव पोपटात असतो, हे आपल्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख होण्याआधीच ठाऊक झालेले असते. सात समुद्रांपलीकडे एक बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. राजपुत्राने पोपटाचा पंख मोडला की इकडे राक्षसाचा हात गळून पडतो आणि मान मुरगळली की राक्षस संपतो. ही गोष्ट मी आजीकडून ऐकली, पुढे संशोधनाच्या निमित्ताने खेड्यापाड्यांत ऐकली, आणि पन्नाशी उलटल्यावर एका जाडजूड इंग्रजी ग्रंथाचा माग काढताना तीच पुन्हा भेटली. तो ग्रंथ म्हणजे १८९१ साली लंडनमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय लोकविद्या परिषदेचे इतिवृत्त. जोसेफ जेकब्ज आणि आल्फ्रेड नट या दोघांनी ते संपादून १८९२ मध्ये प्रसिद्ध केले.

त्या परिषदेविषयी लिहायचे माझ्या मनात बरेच दिवस होते. परिषदेत कोण काय बोलले, एवढे सांगून मात्र माझे काम भागणारे नाही. तिथे ज्या प्रश्नावर वाद झाला त्याच्या उत्तराचा एक धागा पुण्याच्या वाटेवर, एका आयाच्या तोंडी होता, आणि तो छापून झालेलाही होता. तो कसा दिसेनासा झाला हे मला सांगायचे आहे. तसे करताना माझ्या स्वतःच्या एका वहीचा हिशेबही द्यावा लागणार आहे.

*

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘फोक-लोअर’ हा शब्द मुळात फार जुना नाही. विल्यम थॉम्स या गृहस्थांनी १८४६ साली ‘अथेनियम’ या साप्ताहिकाला टोपणनावाने पत्र लिहून तो सुचवला. लंडनमध्ये लोकविद्येची संस्था स्थापन झाली ती १८७८ साली. पॅरिसला १८८९ मध्ये जे मोठे जागतिक प्रदर्शन भरले, ज्यासाठी आयफेल मनोरा उभारला गेला, त्याच्याच जोडीने लोकपरंपरांच्या अभ्यासकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्यामागे मुख्यतः पॉल सेबियो यांची खटपट होती. दुसरी परिषद लंडनला, १८९१ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. तिसरी १८९३ मध्ये शिकागोला, तीही जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानेच. त्याच वर्षी, त्याच शहरात, दोन महिन्यांनी सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला माहीत असते. तिथल्या लोकविद्या परिषदेची आठवण सहसा कुणी काढत नाही.

लंडनची परिषद पिकॅडिलीतल्या बर्लिंग्टन हाउसमध्ये भरली. अध्यक्ष होते अँड्रू लँग. पत्रकार, कवी, होमरचे भाषांतरकार आणि मुलांसाठी निरनिराळ्या रंगांची परीकथांची पुस्तके काढणारे म्हणून ते प्रसिद्ध. कामकाजाचे तीन विभाग केले होते. लोककथा विभागाचे प्रमुख एडविन सिडनी हार्टलंड, पुराणकथा विभागाचे जॉन ऱ्हिस, आणि संस्था व रूढी विभागाचे कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक. कथा, पुराणकथा, रूढी असे तीन विभाग. कथा सांगणाऱ्यांसाठी चौथा विभाग नव्हता. त्या काळी तसा कुणाच्या मनातही आला नसता.

वाद पेटला तो पहिल्या विभागात. प्रश्न साधा होता : एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या लोकांत एकच गोष्ट कशी काय आढळते?

आपलाच पोपट घ्या. रशियन कथांत कोश्चेई नावाचा एक अमर दुष्ट आहे. त्याचे मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी एका बेटावरच्या ओक वृक्षाखाली. नॉर्वेच्या कथेत एका राक्षसाच्या शरीरात काळीजच नसते. दूर तळ्यातल्या बेटावर चर्च, चर्चमध्ये विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडे आणि अंड्यात त्याचे काळीज. आणि दख्खनच्या कथेत पोपट. रशियन शेतकऱ्याने, नॉर्वेच्या कोळ्याने आणि आपल्या आज्यांनी हे स्वतंत्रपणे रचले, की कुणी कुणाकडून घेतले?

एका पक्षाचे म्हणणे, कथा प्रवास करतात. जर्मन पंडित टेओडोर बेन्फाय यांनी १८५९ मध्ये पंचतंत्राचे भाषांतर प्रसिद्ध करताना दाखवून दिले होते की पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या दरबारी पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात अरबीत आले आणि तिथून युरोपभर पसरले. मग तोंडी कथाही त्याच वाटेने गेल्या असतील. फ्रान्सच्या लोरेन प्रांतातल्या कथा गोळा करणारे एमान्युएल कोस्कँ हे तर भारत हेच लोककथांचे माहेर, असे मानणारे. लंडनच्या परिषदेसाठी त्यांनी युरोपीय आणि पौर्वात्य कथांतल्या समान घटनांवर निबंध दिला होता. जोसेफ जेकब्ज त्यांच्याइतके भारतवादी नव्हते, परंतु कथा प्रवास करतात यावर ठाम होते. त्यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. एखादी सुटी घटना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकेल. पण आठदहा घटनांची माळ, त्याच क्रमाने, दोन ठिकाणी आढळली तर ती योगायोगाने आढळली असे कसे म्हणावे?

दुसऱ्या पक्षाचे आधारस्तंभ मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर आणि स्वतः अध्यक्ष लँग. त्यांच्या मते माणसाचे मन सगळीकडे सारख्याच पायऱ्यांनी वर चढते. एका विशिष्ट पायरीवरच्या समाजाला वाटते की जीव शरीराबाहेर काढून ठेवता येतो. तो समाज पुढे सरकतो, समजूत मागे पडते आणि गोष्टीत तिचा अवशेष उरतो. म्हणजे पोपट आणि बदक यांची गाठ पडायची गरजच नाही. दोघेही एकाच मानसिक अवस्थेची अपत्ये.

दोन्ही पक्ष विद्वान होते, दोन्ही पक्षांचे वाचन अफाट होते. आणि दोन्ही पक्षांना हवा असलेला पुरावा ज्या मोजक्या पुस्तकांत होता त्यांतले एक महत्त्वाचे पुस्तक महाराष्ट्राच्या मातीत लिहिले गेले होते.

*

ते पुस्तक म्हणजे मेरी फ्रिअर यांचे ‘ओल्ड डेक्कन डेज’. १८६८ मध्ये लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने ते काढले. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरसाहेब दक्षिणेकडच्या मराठा मुलखाच्या दौऱ्यावर निघाले, मेरी बरोबर होती. छावणीतले दिवस लांबलचक, बोलायला दुसरी बाई नाही. तिच्या सोबतीला होती तिची आया, ॲना लिबेराता द सूझा. मेरीने तिला गोष्ट सांगायला सांगितली आणि मग एकातून एक निघत गेल्या. मेरी टिपणे काढी, नीट लिहून काढी, आणि लिहिलेले ॲनाला वाचून दाखवून तपासून घेई. अशा चोवीस कथा जमल्या.

त्यांतली पहिलीच कथा ‘पंचकिन’. राजाच्या सात मुली, त्यांना छळणारी प्रधानाची विधवा, आणि पुढे धाकट्या मुलीला, बालनाला पळवून नेणारा पंचकिन नावाचा मायावी. तो तिला बारा वर्षे मनोऱ्यात कोंडून ठेवतो. बालनाचा मुलगा मोठा होऊन आईचा शोध घेत येतो, आणि आई गोड बोलून पंचकिनकडून त्याच्या जिवाचे गुपित काढून घेते. दूर निबिड अरण्यात ताडांचे रिंगण आहे. मध्यभागी पाण्याच्या सहा घागरी एकावर एक रचलेल्या आहेत. सगळ्यांत खालच्या घागरीखाली पिंजरा आहे आणि त्यात हिरवा पोपट.

एकावर एक सहा घागरी! मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे उतरंड उभी राहते. प्रत्येक जुन्या स्वयंपाकघरात, माजघरात जी असे आणि जिच्या तळच्या मडक्यात बायका आपले चोरून साठवलेले चार पैसे ठेवत, तिच्यासारखीच ही. घरातली सगळ्यांत सुरक्षित जागा कोणती, हे जिने घर चालवले आहे तिलाच ठाऊक. राक्षसाचा जीव उतरंडीच्या तळाशी ठेवण्याची कल्पना ग्रंथातून येत नाही.

हा पोपट पुढे फार उडाला. एडवर्ड क्लॉड यांनी १८८४ मध्ये लोकविद्या संस्थेच्या नियतकालिकात ‘पंचकिनचे तत्त्वज्ञान’ असा एक लेखच लिहिला. जेम्स फ्रेझर यांचा ‘द गोल्डन बाउ’ हा गाजलेला ग्रंथ १८९० मध्ये, म्हणजे लंडन परिषदेच्या आदल्या वर्षी आला. त्यात देहाबाहेर ठेवलेल्या जिवाची चर्चा आहे आणि तिथेही पंचकिन हजर आहे. जेकब्ज यांनी १८९२ मध्ये मुलांसाठी भारतीय परीकथांचे पुस्तक काढले, त्यातही पंचकिन. जेकब्ज यांच्या टिपा मला विशेष आवडतात. इंग्रज वाचकासाठी ते खुलासा करतात की कथेतला ‘प्रुधन’ म्हणजे प्रधान, मंत्री, ‘पुंट’ही तसेच, आणि सरदार म्हणजे उमराव. प्रधान, पंत, सरदार! पेशवाई बुडून पंचाहत्तर वर्षे होत आली होती, आणि तिचे दरबारी शब्द एका आयाच्या तोंडून, एका गव्हर्नरकन्येच्या लेखणीतून, लंडनच्या बालवाचकांपर्यंत पोचले होते.

जेकब्ज यांच्याविषयी आणखी एक सांगायला हवे. त्यांनी त्या टिपेत ॲनाचे नाव दिले आहे. गोव्यात तीन पिढ्यांमागे स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेल्या लिंगायत घराण्यातली, अशी तिची ओळखही दिली आहे. तेव्हा ‘साहेबाने नाव पुसले’ असा सोपा आरोप मला करता येत नाही. नाव होते. नावामागची बाई मात्र चर्चेत आली नाही.

*

आणि ती बाई पुस्तकात होती, अगदी दर्शनी भागात. कथा सुरू होण्याआधी मेरी फ्रिअर यांनी ॲनाचे निवेदन तिच्याच शब्दांच्या वळणाने छापले आहे. त्यातून कळते ते असे. तिचे आजोळघराणे मूळचे लिंगायत, कालिकतकडचे. तिथून ते गोव्याजवळ आले आणि ख्रिस्ती झाले. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत हवालदार. १८१७ च्या खडकीच्या लढाईचा उल्लेख त्या निवेदनात येतो. आजी धिप्पाड, कष्टाळू, दीर्घायुषी. आणि सगळ्या गोष्टी तिच्याच. मुलांना गोळा करून ती सांगत असे. ॲनाचे बालपण सुखात गेले. लग्न झाले, मुले झाली, मग नवरा गेला आणि पोटासाठी साहेबांच्या घरी आयाची नोकरी धरावी लागली. इंग्रजी ती त्या नोकरीतच शिकली. तिचा एक मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. गोष्टी सांगणाऱ्या म्हाताऱ्या आता राहिल्या नाहीत आणि आपल्यालाही आता सगळ्या आठवत नाहीत, अशी तिची खंत आहे.

हे निवेदन मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यातल्या दुःखाने मन भरून आले. दुसऱ्यांदा वाचताना जाणवले ते वेगळेच. लंडनमध्ये ज्या प्रश्नाचा खल झाला, त्याचे निदान एका कथासंग्रहापुरते उत्तर या काही पानांत होते. कथा प्रवास करतात का? करतात. त्या कालिकतहून गोव्याला जातात, कारण एक घर जगायला तिकडे जाते. धर्म बदलला तरी त्या बदलत नाहीत, कारण आजी तीच असते. त्या पलटणीबरोबर चालतात, कारण पलटणीमागे हवालदाराची बायको असते. त्या मराठी मुलखात येतात आणि प्रधान, पंत, सरदार हे शब्द उचलतात. विधवेबरोबर त्या साहेबाच्या बंगल्यात शिरतात आणि पोटासाठी शिकलेल्या इंग्रजीत उतरतात. दूरच्या देशांना जोडणारे जे अदृश्य मार्ग विद्वान नकाशावर शोधत होते, त्यांतला एक अख्खा मार्ग एकाच बाईच्या आयुष्यात उघडा पडलेला होता.

मानवशास्त्रीय पक्षालाही या पानांतून शिकण्यासारखे होते. पोपट हा एखाद्या रानटी अवस्थेचा अवशेष म्हणून ॲनाच्या तोंडी उरलेला नव्हता. आजीची आठवण म्हणून तिने तो जपला होता. गोष्ट टिकते ती समाजाच्या नकळत मागे राहिलेल्या कचऱ्यासारखी नव्हे. कुणीतरी ती मुद्दाम, माया लावून पुढे देते.

पण निवेदन प्रस्तावनेच्या भागात आणि कथा पुस्तकात, अशी विभागणी एकदा झाली की विद्वान सरळ कथेकडे जातात. प्रस्तावना वाचायची ती करमणुकीसाठी.

लंडनची परिषद भरली तेव्हा ॲना हयात नव्हती. १८८७ साली पुण्याजवळ गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये अल्पशा आजाराने ती वारली. तीच इमारत पुढे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत झाली. लोकसाहित्याचा अभ्यास मी त्याच आवारात केला. तिथल्या वर्गात बसून मी बेन्फाय शिकले, लँग शिकले, टायलर शिकले. ॲना तिथेच गेली, हे मला तीस वर्षांनी पुस्तकातून कळले.

*

लंडनच्या सभागृहात ‘लोक’ अजिबातच आले नाहीत असेही नाही. परिषदेत एका संध्याकाळी मर्सर्स हॉलमध्ये स्नेहसंमेलन ठेवले होते. ॲलिस गॉम यांनी त्याच्या आखणीत पुढाकार घेतला होता. लहान मुलांनी पारंपरिक खेळ करून दाखवले, गाणी झाली, कथा सांगितल्या गेल्या. दिवसा ज्यांच्यावर निबंध वाचले जात, त्यांच्या खेळांना संध्याकाळी टाळ्या मिळाल्या. अभ्यास आणि करमणूक यांच्यामधली ही भिंत आपल्याकडच्या परिषदांतही पाहायला मिळते. सकाळच्या सत्रांत आम्ही बोलतो, आणि रात्री जेवणानंतर वासुदेव, गोंधळी, भारूडकार यांचा ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असतो. आमच्या निबंधाला मानधन आणि प्रमाणपत्र, त्यांच्या हाती नारळ आणि पाकीट.

मराठी माणूस त्या काळच्या युरोपीय विद्वत्सभांना अपरिचित होता असेही समजू नये. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेला जाऊन आले होते आणि तिथे त्यांचा मोठा सन्मान झाला होता. पण ते गेले ते संस्कृत ग्रंथांचे अधिकारी पंडित म्हणून. लिहिलेल्या विद्येला परिषदेचे दार उघडे होते, बोललेल्या विद्येला तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बोलावे लागे.

हीच रीत पुढे आपल्या मुलखातही रुजली. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन आपल्याला आठवतात ते २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री, विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या म्हणून. राजकीय इतिहासात जॅक्सन तेवढ्यापुरते येतात आणि ते स्वाभाविकही आहे. पण हाच अधिकारी संस्कृतचा अभ्यासक होता आणि लोकविद्येचे साहित्य जमवत होता. गावोगावच्या शाळामास्तरांकडून पाऊस, ग्रहणे, भुते, ग्रामदेवता, दृष्ट, रोगराई यांविषयी उत्तरे मागवली गेली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ते साहित्य आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादून गुजरातचा भाग १९१४ मध्ये आणि कोकणचा १९१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरच पुढे १९२४ चा ‘फोकलोअर ऑफ बॉम्बे’ उभा राहिला. कोकणचा भाग उघडून तळटिपा पाहा. बहुतेक ठिकाणी आधार दिलेला असतो तो असा : शाळामास्तर, अमुक गाव, तमुक जिल्हा. म्हणजे माहिती सांगणारी म्हातारी आधीच गळाली होती. आता ती लिहून पाठवणाऱ्या मास्तरांचेही नाव गेले. उरला तो हुद्दा आणि गाव.

*

या विद्येने आपली चूक ओळखली नाही असे मात्र नाही. गंमत म्हणजे पहिली कुजबुज जेकब्ज यांनीच केली. परिषदेनंतर दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये त्यांनी एका छोट्या लेखात म्हटले की ‘लोक’ हा शब्द म्हणजे आपल्या अज्ञानाला दिलेले एक नाव आहे. प्रत्येक कथेच्या, प्रत्येक म्हणीच्या मागे कधीतरी कुणी एक व्यक्ती असलीच पाहिजे. ही गोष्ट विद्येच्या अंगवळणी पडायला काळ जावा लागला. १९२६ मध्ये रशियन अभ्यासक मार्क आझादोव्स्की यांनी नताल्या विनोकुरोवा या सैबेरियातल्या कथेकरी स्त्रीवर प्रबंध लिहिला. तिचे आयुष्य, तिचा स्वभाव आणि तिच्या कथा एकत्र ठेवून पाहिल्या. लोककथेकडून कथेकऱ्याकडे वळण्याचा तो एक आरंभ मानतात. आणि आपण पाहिले की ॲनाचे निवेदन त्याच्या अठ्ठावन्न वर्षे आधी छापून झाले होते. मेरी फ्रिअर यांच्याजवळ सिद्धान्त नव्हता, होती ती सोबतिणीविषयीची आस्था. ती त्यांना योग्य जागी घेऊन गेली.

परिषदांचे प्रश्नही बदलत गेले. १९५० साली स्टिथ थॉम्प्सन यांनी अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथे जगभरच्या अभ्यासकांना बोलावले, तेव्हा चर्चेचे चार विषय होते : लोकविद्या गोळा कशी करावी, जतन कशी करावी, लोकांपर्यंत परत कशी पोचवावी आणि तिचा अभ्यास कसा करावा. ‘कथा कुठून आली’ या एका प्रश्नापासून ‘आपण तिचे काय करतो’ इथपर्यंत गाडी आली होती. आणि ज्या देशाला कोस्कँ कथांचे माहेर म्हणत, त्या देशात, म्हैसूरला, लोककथा संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची परिषद भरायला १९९५ साल उजाडावे लागले.

मराठीतही वळण आले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या जमवल्या, दुर्गाबाई भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहून शास्त्राची बैठक दिली, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे खेड्यापाड्यांतले साहित्य छापून आणले. पण सांगणारीच्या नावाचा हिशेब सर्वांत काटेकोरपणे ठेवला गेला तो हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात. एक हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव. ओवी कुणाची, हा प्रश्न तिथे पोरका राहत नाही.

*

आता माझी वही.

१९८३ च्या उन्हाळ्यात प्रबंधाच्या कामासाठी मी भोर तालुक्यातल्या एका वाडीत आठवडाभर राहिले होते. ज्या घरी उतरले होते तिथल्या सूनबाई म्हणाल्या, “आमच्या आत्याबाईंना लई गोष्टी येत्यात, पर त्या रातच्यालाच सांगत्यात.” दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी समजूत. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात आत्याबाईंनी मला पोपटाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गोष्टीत राक्षसाचा जीव बेटावर नव्हता. धरणात बुडालेल्या गावाच्या जुन्या देवळात होता. भाटघरच्या पाण्याच्या काठची ती वाडी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बुडालेली देवळे वर येतात, हे तिथल्या सर्वांना माहीत. सात समुद्रांची जागा धरणाने घेतली होती.

मी हरखले. वहीत लगबगीने लिहिले. पुढे प्रबंधात या बदलावर चार पाने लिहिली, कल्पनाबंधाचा क्रमांक घातला, कोश्चेईशी तुलना केली. परीक्षकांनी नेमके त्याच भागाचे कौतुक केले. आणि कथेच्या माथ्यावर मी काय लिहिले होते? ‘कथा क्र. १७. सांगणारी : एक वृद्ध स्त्री, वय अंदाजे ७०, निरक्षर.’

नाव विचारायचे मला सुचलेच नाही. मी बेन्फाय वाचून गेले होते, लँग वाचून गेले होते. सूनबाई ‘आत्याबाई’ म्हणत होत्या, मीही ‘आत्याबाई’ म्हटले, आणि तेवढ्याने भागले. गव्हर्नरच्या मुलीने १८६८ मध्ये जे केले ते मी, मराठी बोलणारी, तिच्याच मुलखातली, एकशेपंधरा वर्षांनी केले नाही.

लंडनचे इतिवृत्त वाचून झाल्यावर दोन वर्षांपूर्वी मी पुन्हा त्या वाडीवर गेले. घर पक्के झाले आहे. सूनबाईही आता नाहीत. नातवाने मला ओळखले नाही, पण आजी म्हटल्यावर तो मोकळा झाला. आजीचे नाव काय, या प्रश्नावर मात्र तो थबकला. “आम्ही आजीच म्हणायचो. गाव म्हातारीआय म्हणायचं.” मग त्याने पत्र्याच्या पेटीतून जुने रेशनकार्ड काढले. पिवळ्या पडलेल्या कागदावर, कुटुंबातल्या व्यक्तींच्या यादीत, दुसऱ्या ओळीवर ते नाव होते.

ते सासरचे नाव. माहेरचे नाव काय, माहेर कोणते, हे सांगणारे तिथे कुणी उरले नव्हते. म्हणजे पोपट त्या वाडीत कुठून आला, धरणाची जोड आत्याबाईंनी स्वतः दिली की त्यांच्या आईने, हे आता कधीच कळणार नाही. लंडनला पडलेला प्रश्न याच एका कथेपुरता मला सोडवता आला असता. त्या रात्री दोन प्रश्न जास्त विचारले असते तर.

नाव मी वहीत लिहिले, प्रबंधाच्या माझ्याजवळच्या प्रतीत लिहिले, आणि ग्रंथालयातल्या प्रतीला जोडायला एक शुद्धिपत्र तयार करून दिले. इथे मी ते छापलेले नाही. छापू का, असे नातवाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “भावांना विचारून सांगतो.” त्याचा निरोप अजून आलेला नाही. नाव न विचारता सोडून देणे ही जशी एक चूक होती, तशी न विचारता छापणे ही दुसरी ठरेल. त्यांचा होकार आला तर पुढे कधीतरी, कथा क्रमांक सतराच्या माथ्यावर, ते छापून येईल.